माईकवरची प्रार्थना

मी एका बाईची गोष्ट फोडली, आणि तीही प्रार्थनेत. चहाच्या टपरीवर फोडली असती तर लोकांनी मला चहाडखोर म्हटलं असतं आणि मीही मान खाली घातली असती. पण मी ती डोळे मिटून, एक हात उंच करून, माईकवर देवाला सांगितली. त्यामुळे मला कुणी काही बोललं नाही. उलट उपासना सुटल्यावर एका म्हाताऱ्या भावाने माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, "आज काळीज हललं बघा."

मंचरला आमची लहानशी मंडळी आहे. मंडळी म्हणजे उपासनेला एकत्र जमणारे आम्ही ख्रिस्ती लोक. हायवेपासून थोडं आत, कांद्याच्या एका गोदामाच्या मागे पत्र्याची शेड आहे, तेच आमचं मंदिर. पावसाळा लांबला की भिंतीपलीकडून कुजक्या कांद्याचा वास येतो आणि पाळकांना उपदेश आटोपता घ्यावा लागतो. माणसं लांबून येतात. लोणीहून, घोडेगावहून, नारायणगावकडून, एखादं घर जुन्नरचं. संध्याकाळच्या प्रार्थना आम्ही उन्हं असतानाच संपवतो, कारण परतीची वाट उसातून जाते आणि उसात बिबट्या असतो. आमच्यातला एक जण नेहमी म्हणायचा, "पाळकाला जे जमलं न्हाई ते बिबट्यानं केलं, प्रार्थना येळेत संपायला लागली."

मी मोटारी भरतो. विहिरीवरची मोटार जळाली की तिची जुनी तार काढून नवी भरायची, हा माझा धंदा. दुकानात मी कमी बोलतो. "बेअरिंग गेलंय." "सोमवारी या." एवढ्यावर भागतं. पण मंदिरात माईक हातात आला की मला शब्द सुचायचे, एकातून एक. कुणाच्या नव्या घराची प्रार्थना असो, मयत असो, कुणाचा मुलगा नोकरीला लागलेला असो, मलाच बोलवायचे. मी मंडळीच्या पंचांपैकी एक झालो तोही या प्रार्थनेच्या जोरावर. बायको म्हणायची, "देवापुढं एवढं गोड बोलता. गिऱ्हाइकाला आणि मला उरलंसुरलं मिळतं." मी हसून सोडून द्यायचो. मला ते कौतुकच वाटायचं.

ती बाई लोणीची. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. नवरा टेम्पो चालवतो, शेतातून कांदा-बटाटा उचलून मंचरच्या बाजारात आणतो. त्यांच्या आळीत ख्रिस्ती घर ते एकच, बाकी सगळी शेतकरी घरं. एकदा भरलेल्या गोण्यांवर उभा राहून तिचा नवरा दोर आवळत होता. दोर तुटला आणि तो उताणा खाली आला. डोक्याला मार बसला. मंचरच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. कित्येक दिवस शुद्ध नव्हती.

त्या दिवसांत आम्ही मंडळीत त्याच्यासाठी प्रार्थना केली. पुष्कळ केली. दवाखान्यात मात्र पाळक एकदा जाऊन आले, मी जाईन जाईन म्हणत राहिलो. हंगाम होता. दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागली होती. दवाखाना माझ्या दुकानापासून चालत जाण्याएवढाच होता, हेही सांगायला हवं.

एका दुपारी तीच दुकानात आली. हातात डब्याची पिशवी. मी स्टूल पुढे केलं. नवऱ्याने सकाळी डोळे उघडले, पाणी मागितलं, असं तिने सांगितलं. मी "प्रभूची स्तुती असो" म्हणालो. तिने मान हलवली, पण ती उठेना. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "दादा, मी ओझरला गेले व्हते."

मला आधी कळलंच नाही. "कुणाकडं?"

"गणपतीला."

मी हातातली पकड खाली ठेवली.

"शेजारच्या मावशी घेऊन गेल्या. त्यांच्या पुतण्याची गाडी व्हती. त्या म्हणल्या, तू तुज्या देवाला सांगितलंस नव्हं, आता माज्याबी सांग, हितं भिंतीकडं बघत बसून काय व्हणार हाय? मी गेले. डोकं टेकवलं. नारळ त्यांनी माज्या हातानं वाढवला. दादा, मला त्या वक्ताला काय बी कळत नव्हतं. ह्ये नुसते पडून व्हते, नाकात नळी. कुणी म्हणलं असतं हिरीत उडी मार, मी मारली असती." मग ती खाली बघत म्हणाली, "आज डोळे उघडले तर मला आनंद व्हायचा का भ्या वाटायचं? कुणामुळं उघडले म्हणू?"

मला जे बोलता येत होतं ते मी बोललो. देव मन बघतो, देव आईसारखा आहे, घाबरलेल्या लेकराला आई मारत नाही. हे मी खोटं बोललो नाही. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. जाताना ती दारात थांबली.

"ह्यांना कळू देऊ नका. मंडळीत तर नकोच. तुमच्यापाशीच ठेवा."

"प्रभूपाशी ठेवतो," मी म्हणालो.

तिचा नवरा घरी आल्यावर आम्ही रविवारी उपकारस्तुती ठेवली. तो पुढे खुर्चीवर बसला होता, डोकं भादरलेलं, टाक्यांची रेघ दिसत होती. ती बायकांच्या चटईवर, लेकीला मांडीजवळ घेऊन. पाळकांनी माईक माझ्या हातात दिला. मी आभार मानायला सुरुवात केली. दोर, गोण्या, दवाखाना, डॉक्टरांचे हात, सगळं आलं. "आमेन, आमेन" असा आवाज येत होता. तेवढ्यावर प्रार्थना पुरी झाली होती. पण मला वाटलं, अजून हवं. अजून खोल काहीतरी हवं, म्हणजे माणसं गदगदतील. आणि खोल असं माझ्याजवळ काय आहे ते मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "आणि प्रभो, त्या घाबरलेल्या दिवसांत या घरातलं ज्या कुणाचं पाऊल घसरलं, जे ओझरच्या वाटेनं गेलं आणि दुसऱ्या दारी वाकलं, त्यालाही तू क्षमा कर."

ओझर हा शब्द मी ठरवून आणला नव्हता. तो ओठावर आला आणि मी तो अडवला नाही. शेडमध्ये कुणीतरी मोठा उसासा सोडला, मागे एक बाई रडायला लागली. मी नाव घेतलं नव्हतं. पण त्या घरात मोठी माणसं दोनच, आणि त्यातलं एक तेव्हा बेशुद्ध होतं.

माईकवर प्रार्थना करणाऱ्याला एक वाईट खोड लागते. तो मधेच डोळे किलकिले करून बघतो, माणसांवर काय परिणाम झाला ते. मीही बघितलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तिचे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. हातातली वस्तू पडताना माणूस जसा बघतो तशी.

त्यानंतर ती एकदाच आली, भगिनींच्या प्रार्थनेला. तिथे एकीने सगळ्यांसमोर तिचा हात धरून म्हटलं म्हणे, "मन मोकळं कर गं, आम्ही काय परक्या?" त्यानंतर ती आली नाही. नवराही येईना. पाळक जाऊन आले. तिने चहा केला, बिस्किटं ठेवली, आणि येते म्हणाली नाही की येत नाही म्हणाली नाही.

पुढे शेजारच्या त्या मावशी मुलाबरोबर जळालेली मोटार घेऊन माझ्या दुकानात आल्या. मुलगा मोटार उतरवत होता तोवर त्या मला न्याहाळत उभ्या होत्या.

"तुमीच का ते माईकवाले?"

मी मोटार धरायला पुढे झालो.

"मी तिला पापाला नेलं म्हणं. देवाला सांगितलं म्हणं तुमी तसं. आवो, ती लेकरासारखी, अन्नाला शिवत नव्हती. मला काय येतं दुसरं? मी गेले घेऊन. तुमच्यातलं कुणी आलं असतं तर तिकडं नेलं असतं, मी कुठं आडवी येणार व्हते?" मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "ठेव रं मोटार. काम झ्याक करत्यात म्हणं हे. बोलण्याचंच वंगाळ हाय."

मी मोटार चांगली भरून दिली. तेवढ्याने मला बरं वाटलं आणि मी विषय मनातून काढला. नाव तर घेतलं नव्हतं, हे माझं उत्तर होतं. प्रार्थनाच केली होती, हे दुसरं उत्तर.

वर्षं गेली. मंडळी आटत गेली. तरुण पोरं चाकणला, पुण्याला कामाला गेली आणि तिथल्याच मोठ्या सभांना जायला लागली. पण जी राहिली तीही गप्प झाली होती. आमच्यात प्रार्थनेआधी विषय विचारायची पद्धत आहे. पाळक विचारतात, "कुणाचे काही विषय?" पूर्वी माणसं सांगायची, पोरगा पितो, सासू बोलत नाही, पोटात कळा येतात. आता "प्रवासासाठी", "परीक्षेसाठी", "सर्वसाधारण" एवढंच यायचं. मला वाटायचं, लोकांचा विश्वास थंड पडला. लोकांनी देवाला सांगणं सोडलं नव्हतं. माझ्या कानावर पडेल असं सांगणं सोडलं होतं. हे मला फार उशिरा समजलं.

मग आमच्याकडे नवे पाळक आले. वयाने लहान, मनाने सरळ. ते म्हणाले, "काका, आपल्याला उज्जीवन हवंय. देवाने ही मंडळी पुन्हा जिवंत करावी असं वाटत असेल तर आधी आपण नम्र व्हायला हवं. गुडघ्यावर यायला हवं. पश्चात्ताप करायला हवा." मला भरून आलं. मलाही तेच हवं होतं, खरोखर हवं होतं. रिकाम्या चटया बघून मी घरी जेवत नसे. आम्ही दर शुक्रवारी उपास-प्रार्थना सुरू केली. सतरंजीवर गुडघे टेकून माणसं बसायची. "प्रभो, आम्ही थंड झालो. आम्ही तुझं वचन विसरलो. आम्ही एकमेकांवर प्रीती केली नाही." सगळं आम्ही, आम्ही. मी तर सगळ्यांत पुढे. पण एवढ्या मोठ्या आम्हीमध्ये कुणीच नव्हतं. प्रार्थना संपली की माणसं गुडघे चोळत उठायची, सरबत प्यायची आणि बिबट्याच्या आधी घर गाठायची. काही हलत नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा घरी कपाटात बिलं शोधताना मला दवाखान्याचा एक रिपोर्ट सापडला. बायकोच्या नावाचा. छातीतल्या गाठीची तपासणी. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी कागद समोर धरला.

"हे काय आहे?"

"झालं ते. साधी गाठ निघाली. बहिणीबरोबर गेले होते."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "सांगितलं असतं तर शुक्रवारी विषय झाला असता."

"अगं, मी नवरा आहे तुझा."

"तेच तर," ती म्हणाली. "लोणीच्या त्या बाईनं तुम्हाला भाऊ म्हणून सांगितलं होतं. मी तिच्या मागच्याच रांगेत बसले होते त्या दिवशी. तेव्हाच ठरवलं, आपली दुखणी आपल्याजवळ ठेवायची." आणि मग, चेष्टेतच पण डोळे वर न करता, "मला नव्हतं यायचं तुमच्या माईकवर."

मी जेवलो नाही. बायकोने आग्रहही केला नाही. ती एवढी वर्षं माझ्याशेजारी बसून आमेन म्हणत होती, आणि रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस तिने माझ्याच घरात एकटीने काढले होते.

पुढच्या शुक्रवारी मी ठरवून गेलो. आज आम्ही म्हणायचं नाही, मी म्हणायचं. गुडघे टेकले, कपाळ सतरंजीला लावलं आणि रडायला लागलो. ते रडणं खोटं नव्हतं. मी म्हणालो, "प्रभो, पापी मी आहे. लोणीच्या त्या भगिनीनं मला विश्वासानं ओझरची गोष्ट सांगितली आणि मी ती इथं फोडली. तिचं घर मी मंडळीतून तोडलं. मला क्षमा कर."

आणि शेड हलली. एवढे दिवस जे होत नव्हतं ते झालं. एक जण ओक्साबोक्शी रडायला लागला. त्याने भावाबरोबरच्या बांधाच्या भांडणाची कबुली दिली. एका बाईने सुनेचा हात धरला. माणसं घरी जायचं विसरली. पाळकांचे डोळे वाहत होते. मला मिठी मारून म्हणाले, "काका, सुरुवात झाली. देवाने सुरुवात केली."

मीही तसंच समजून बाहेर आलो. अंग हलकं झालं होतं. चपला घालताना मागून दोन नव्या बायकांचं बोलणं कानावर आलं. त्या आमच्यात अलीकडेच यायला लागल्या होत्या.

"लोणीची कोण गं? ती ब्लाऊज शिवती ती?"

"तीच आसंल. ओझरची काय भानगड व्हती?"

"इचारते मी. माजी जाऊ राहती तिकडं."

माझा चपलेत घातलेला पाय तसाच राहिला. जुन्या लोकांना ती गोष्ट माहीत होती, नव्यांना नव्हती. आता त्यांनाही झाली. त्याच शेडमध्ये, त्याच माणसाने, पुन्हा देवाचं नाव घेऊन. पहिल्या वेळी मी तिच्या पापावर माणसं रडवली होती आणि आता माझ्या पापावर रडवली. दोन्ही वेळी गोष्ट तिचीच वापरली.

शनिवारी सकाळी पाळक दुकानात आले. उत्साहात होते. "काका, उद्या प्रभुभोजन आहे. आज दुपारी आपण सगळे लोणीला जाऊ. दोन गाड्या होतील. पेटी-डफ घेऊ. दारात दोन गीतं म्हणू आणि तुम्ही तिची क्षमा मागा. गावात केवढी साक्ष होईल!"

मला वडील आठवले. जुन्नरला आमच्या घरी जुन्या माणसांची एक पद्धत होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंदिरात प्रभूच्या आठवणीची भाकरी वाटून घेण्याच्या, आदल्या दिवशी, ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या घरी जाऊन यायचं. तसं केल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. वडील शनिवारी टोपी घालून एकटेच निघायचे. परत आले की आई विचारायची, "काय बोललात?" ते म्हणायचे, "ते त्याच्या दारात राहिलं." वडिलांची प्रार्थना अगदी तोकडी असायची. मला लहानपणी तिची लाज वाटायची. दुसऱ्यांच्या वडिलांसारखे ते छान बोलत नाहीत म्हणून.

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "कुणी येऊ नका. गीत नको. आणि मी गेलो हे उद्या मंदिरात सांगूही नका."

त्यांचा चेहरा उतरला. "पण काका, लोक उत्साहात आहेत. हे दाबलं तर विझेल सगळं."

"विझू द्या."

माझ्या तोंडून असं काही येईल असं मलाही वाटलं नव्हतं. त्यांनी समोरच्या उघड्या मोटारीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. मी नुसती प्रार्थना करतो." आणि लगेच, "मनात करतो."

दुपारी दुकानाचं शटर ओढून मी मोटरसायकलवर लोणीला गेलो. वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य प्रार्थनेसारखं होत होतं. गोल, चांगलं, माईकवर शोभेल असं. ते मी टाकून द्यायचो आणि पुढच्या वळणावर तसंच दुसरं तयार व्हायचं. एकदा तर गाडी कडेला लावून परत फिरावंसं वाटलं. तिला माझी गरजच काय, देवाने क्षमा केली असेल, असंही मनात येऊन गेलं. पण ते विचारही मला त्या माईकच्याच आवाजात ऐकू येत होते.

तिच्या घराला लागूनच मावशींची कांद्याची बराक आहे, कांदा साठवायची जाळीची लांब खोली. तिच्या सावलीत मावशी आणि ती, दोघी कांदा निवडत बसल्या होत्या. सडका एकीकडे, चांगला एकीकडे. मावशी आता वाकल्या आहेत, पण नजर तीच.

"या पावणं," त्या म्हणाल्या. "माईक नाय आणला?"

"नाही आणला, मावशी."

"मंग आवाज यायचा न्हाई आमाला."

ती हसली नाही. मी "सलाम, ताई" म्हणालो. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. तिने हात झटकून "नमस्कार" म्हटलं. एवढ्यानेच मला कळलं की ती किती लांब गेली आहे, की मी किती लांब घालवली आहे.

"मालक कुठं आहेत?"

"भाडं घेऊन गेलेत." ती कांद्याकडे बघत म्हणाली, "काल शुक्रवारीबी माजाच विषय निघाला म्हणं. सकाळी एक बाई येऊन इचारून गेली. माज्या पोरीच्या म्होरं इचारलं. तिला ठाव नव्हतं ओझरचं. लहान व्हती तवा. आता ती मला इचारती, आई, तू काय केलं व्हतंस?"

मी उभाच होतो. सवयीने माझे हात जुळले आणि डोळे मिटायला लागले. "ताई, देवासमोर मी..."

"डोळे नका मिटू," ती म्हणाली. पहिल्यांदाच आवाज चढला. "देव ऱ्हाऊ द्या बाजूला घडीभर. त्याचं माजं चालू हाय. मी घरात करते प्रार्थना, रोज करते, तुमाला काय वाटलं? तुमी मला सांगा. मला. हितं बसा आन् सांगा."

मावशींनी पायाने रिकामी पाटी माझ्याकडे सरकवली. मी ती पालथी घालून बसलो. त्या उठायला लागल्या.

"मी जाते आत."

"नका जाऊ, मावशी," मी म्हणालो. "तुमचंही आहे."

त्या पुन्हा टेकल्या. "हां. बोला मंग. पर आमाला समजंल आसं बोला."

समोर कांद्यांचा ढीग होता. मला एकही शब्द सुचत नव्हता. माईकवर कधीच असं झालं नव्हतं. तिने एक कांदा उचलला, दाबून बघितला, सडक्यांत टाकला. ती वाट बघत होती आणि माझ्याकडे बघत होती, त्या रविवारी बघत होती तशीच. या वेळी माझेही डोळे उघडे होते. मी तिचं नाव घेतलं. इथे ते लिहीत नाही, तिचं पुरेसं मी लोकांत वाटलं आहे. आणि म्हणालो, "तुम्ही मला कुणाला सांगू नका म्हणाला होता. मी सांगितलं. ती प्रार्थना नव्हती. लोकांनी रडावं, मला चांगलं म्हणावं, म्हणून बोललो. काल पुन्हा बोललो. तेव्हाही तुम्हाला विचारलं नाही. तुमच्या नवऱ्यासमोर आणि आता पोरीसमोर मी तुम्हाला खाली बघायला लावलं. चूक माझी आहे, तुमची नाही, आणि मंडळीची नाही. मला क्षमा करा. तुम्ही परत मंडळीत या म्हणायला मी आलेलो नाही." मग मी मावशींकडे वळलो. "आणि मावशी, तुम्ही तिला पापाला नेलं नव्हतं. ती पडत होती, तुम्ही तिला धरलं. दवाखाना माझ्या दुकानापासून दोन पावलांवर होता आणि मी गेलो नाही. तुम्ही गेला. तुमचीही मी क्षमा मागतो."

त्यावर त्या दोघी जे बोलल्या ते तिच्या दारात राहिलं.